मासिक उत्पन्नाचा रकाना

आज डोकं फिरलंय, त्यामुळं पोस्ट लांब होणार. ज्यांना वेळ नाही त्यांनी लाईक ठोकून पुढं जा, मले वाईट वाटत नाही.

गावच्या शाळेत आज शहरातल्या एका कंपनीचे व्हॉलंटियर आले होते. आठ जण, सगळ्यांच्या अंगात एकसारखे निळे टीशर्ट. नववी ते बारावीच्या पोट्ट्यांना आर्थिक साक्षरता, नोकरीची तयारी आणि उद्योजकता, असं तिन्ही एकाच दिवसात शिकवायला. त्यातला दीड तास बॅनर बांधण्यात आणि शाल-श्रीफळात गेला. लाईनचा भरवसा नाही म्हणून हेडमास्तरांनी माझ्या झेरॉक्स अन् ऑनलाइन कामाच्या दुकानातून प्रोजेक्टर अन् इन्व्हर्टर मागवला, अन् इन्व्हर्टर सांभाळायला मी मागच्या बाकावर. म्हणून सगळं ऐकलं.

पहिलाच कागद वाटला, 'माझं बजेट'. वर रकाना, मासिक उत्पन्न. खाली ५०-३०-२०, म्हणजे महिन्याच्या पगारातले ५० टक्के गरजेला, ३० हौसेला, २० बचतीला. नववीतल्या एका पोरीनं हात वर केला. "सर, आमच्या घरी महिन्याले नाही येत पैसे. काय लिहू?"

सर हसले. "अंदाजे लिही ना, ॲव्हरेज काढ."

तिनं थोडा वेळ पेन तसाच धरून ठेवला अन् रकाना कोरा सोडला.

अरे बाप्पा! यवतमाळ जिल्ह्यात उभं राहून कापूसवाल्याच्या पोरीले ॲव्हरेज सांगता? आमच्याकडं सोयाबीनचा पैसा येतो दिवाळीच्या मागंपुढं, कापसाचा डिसेंबर-जानेवारीत, अन् तोही चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचा पैसा, झाला तर. जून लागला की बियाणं, खत, डवरणीची मजुरी, सगळं बाहेर. जुलै-ऑगस्टात घरात चिल्लर सापडत नाही. त्या पैशाला बारानं भागा म्हणता, भागतो ना, पण तो बारावा हिस्सा ऑगस्टमध्ये कोणत्या डब्यात असते ते येऊन दाखवा एकदा.

मले हे एवढं झोंबलं त्याला कारण आहे. जुन्या दोस्तांना माझी गाडीची गोष्ट माहीत आहे, नव्यांसाठी सांगतो.

२०१२ चा डिसेंबर. मी कॉलेज सोडून घरी, कापूस विकून बाबांच्या हातात थोडे पैसे आलेले, अन् माझ्या डोक्यात गाडी. ५२ हजारांची. १२ हजार भरले, ४० हजार फायनान्स. शोरूमवाला म्हणे, "सावकार शेकड्याले महिन्याचे तीन घेते, म्हणजे वर्षाचे छत्तीस टक्के. आपण फक्त बारा टक्के, तीन वर्षं, १,५११ रुपये हप्ता." मी मनातल्या मनात छत्तीसातून बारा वजा केले अन् सही ठोकली. डिसेंबरात खिशात पैसे असतेत ना, तेव्हा १,५११ म्हणजे काहीच वाटत नाही.

मेपर्यंत हप्ते गेले. जूनमध्ये सगळा पैसा मातीत गेला. त्या साली पाऊसही असा झाला की दुबार पेरणी करावी लागली. जुलैचा हप्ता बाउन्स, ऑगस्टचा बाउन्स, वरून दर बाउन्सचा दंड वेगळा. पोळ्याच्या आठ दिवस आधी बस स्टँडजवळ दोघं जण आले, किल्ली मागितली, गाडी घेऊन गेले. चारचौघांत. मी सात किलोमीटर पैदल घरी आलो. बाबा बैलाची शिंगं घासून राह्यले होते. काय झालं ते सांगितलं तर वर न पाहता म्हणाले, "जेवून घे."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तर मुद्दा काय, महिन्याचा हप्ता अन् वर्षाची कमाई यांचं जमत नाही हे मले कोणी सांगितलंच नव्हतं. बारावीत चक्रवाढ व्याजाचं सूत्र पाठ होतं माझं! सूत्र होतं, गाडी नव्हती.

समजावलं कोणी माहीत आहे? आमच्या सेवा सोसायटीचे, म्हणजे पीककर्ज देणाऱ्या गावच्या सहकारी संस्थेचे, रिटायर गटसचिव, सचिव काका. ओट्यावर बसवलं, सरकीचे चाळीस दाणे मांडले. एक दाणा म्हणजे एक हजार. "पहिल्या वर्षी तू तेरा फेडले, हे बाजूले ठेव. दुसऱ्या वर्षी अजून तेरा. आता किती राह्यले?" मी म्हटलं, चौदा. "मंग तिसऱ्या वर्षी तो व्याज कितीवर घेऊन राह्यला?" कागद पाहिला तर चाळीसवरच. शेवटच्या दिवसापर्यंत चाळीसवर. एकूण १४,४०० रुपये व्याज. बँक जशी उरलेल्या मुद्दलावर व्याज लावते तसा हिशेब मांडला तर बारा टक्केवाला फायनान्स एकवीस टक्क्यांच्या वर जातो. मले ते आकडे नंतर कॉम्प्युटरवर कळले, पण खरं कळलं ते सरकीच्या दाण्यांवर. बारा मिनिटं लागली असतील. ना टीशर्ट, ना प्रोजेक्टर.

अन् गोष्ट तिथंच नाही संपली. २०१७ मध्ये दुकान टाकायचं म्हणून मुद्रा योजनेत 'शिशु' कर्ज मागायला गेलो, त्यात ५० हजारांपर्यंत मिळते. मॅनेजर साहेबांनी सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा रेकॉर्ड, काढला अन् स्क्रीन माझ्याकडं फिरवली. थकीत. म्हटलं साहेब, गाडी तर त्यांनी नेली ना! साहेब म्हणाले, "गाडी नेली, विकली, जेवढे आले तेवढे वळते केले. बाकी तुमच्याच नावावर आहे." म्हणजे गाडीही गेली, कर्जही राह्यलं. शेवटी आईनं दोन बकऱ्या विकल्या तेव्हा मिटलं, अन् मिटलं तरी स्कोअर सुधरायला आणखी काही वर्षं गेली.

म्हणून म्हणतो, ५०-३०-२० शिकवू नका असं नाही, पगारदाराच्या पोराले ते कामाचंच आहे. पण इथं आधी हे शिकवा की हप्ता घेताना 'डिसेंबरात परवडते का' हे नाही पाहायचं, 'ऑगस्टात कुठून भरशील' हे पाहायचं. हे शिकवा की पीककर्ज ३ लाखांपर्यंतचं मुदतीत भरलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलतीत शून्य टक्क्यानं पडते, अन् तेच 'नवं-जुनं' करायला, म्हणजे जुनं भरून नवं उचलायला, आठ दिवसांसाठी सावकाराकडून शेकडा पाचनं उचललं तर त्या शून्याचं काय होते. हे शिकवा की कापसाचा हमीभाव २०२५-२६ साठी लांब धाग्याचा ८,११० रुपये क्विंटल आहे, पण ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला तर खरेदी केंद्रावरून गाडी परत येते, म्हणजे कापूस वाळवणं हा पण फायनान्सच आहे. अन् हे सांगा की २० रुपयांचा सुरक्षा विमा अन् ४३६ चा जीवनज्योती, दोन्ही वर्षातून एकदा मे अखेरीला खात्यातून कापतात. मे अखेरीला! जेव्हा आमची खाती खणखण वाजतात. माझ्या दुकानात दरसाल लोक अंगठा लावून पैसे काढतेत, अन् त्याच ४५६ रुपयांपायी २-२ लाखांचे दोन विमे बंद पडतेत. घरातला माणूस गेल्यावर कळते.

असो. राग आला की मी फार टाइप करतो.

दुपारी नोकरीची तयारी. मॉक इंटरव्ह्यू. "पाच वर्षांनंतर तू स्वतःला कुठं बघतोस?" बारावीतला पोट्टा ताडकन् म्हणाला, "बुटीबोरीले." सगळा वर्ग हसला, व्हॉलंटियर पण हसले. तो मस्करी नव्हता करत, त्याचा मोठा भाऊ तिथं, नागपूरजवळच्या एमआयडीसीत, ठेकेदाराकडं आहे, तेवढंच जग त्यानं पाहिलं आहे. त्याले आत्मविश्वास, हस्तांदोलन, डोळ्यात डोळे घालून बोलणं सांगण्यापेक्षा कोणी हे सांगायचं होतं ना की पगारपत्रक मागून घे, पीएफचे १२ टक्के कापतेत तर तुझा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, काय तो लिहून ठेव, ठेकेदार बदलला तरी नंबर तोच राहते. दर महिन्याला माझ्याकडं चार पोट्टे येतात, सहा महिने काम करून परत आलेले, पीएफ कुठं आहे ते माहीत नाही, मोबाइल नंबर बदललेला, आधारवर नावाचं स्पेलिंग वेगळं. पैसा स्वतःचा, अन् निघत नाही.

उद्योजकतेचं तर विचारूच नका. कागदावर 'लेमोनेड स्टॉल'. पोट्टे एकमेकांकडं पाहून राह्यले, हे काय आहे बा? मग कोणीतरी सांगितलं, निंबूशरबत. तेव्हा जान आली वर्गात. कच्चा माल, खर्च, विक्री, नफा, सगळे रकाने होते. नव्हता तो एकच, उधारीचा. आता मले सांगा, खेड्यात दुकान नफ्या-तोट्यानं बुडते का उधारीनं? सख्खा काका समोर येऊन म्हणते "लिहून ठेव", तेव्हा काय बोलायचं, हे शिकवा ना उद्योजकतेत! अन् जिल्ह्याला बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते, १८ झाल्यावर तिथं राहणं, खाणं, शिकणं फुकट आहे, हे दिवसभरात एकाच्याही तोंडून निघालं नाही. युनिकॉर्न, म्हणजे अब्ज डॉलरची कंपनी, मात्र दोनदा निघालं.

थांबा, एक गोष्ट सांगितली पाहिजे नाहीतर रात्री झोप नाही येणार. त्या आठांत एक पोरगी होती, पंचवीस-सव्वीसची असेल. जेवणाच्या सुट्टीत सगळे स्टाफरूममध्ये गेले, ही खाली सतरंजीवर पोरींमध्ये बसली अन् विचारलं, "चुकारा म्हणजे काय गं?" तिथून जे सुरू झालं ते पाऊण तास चाललं. काटा, कटती म्हणजे वजनातली कपात, गाडीभाडं, चुकारा बँकेत जमा व्हायला किती दिवस, पोरी सांगत होत्या अन् ती वहीत उतरवून घेत होती. नंतर तिनंच फोन दाखवून सांगितलं की यूपीआयवर पैसे घ्यायला कधीच पिन टाकावा लागत नाही, पिन मागितला म्हणजे तुमचे पैसे चालले, अन् फसलात तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० ला फोन लावा. सगळ्यांकडून तीनदा म्हणून घेतलं. हे चांगलं केलं तिनं, मान्य. मी दुकानात १९३० चं स्टिकर लावलं आहे दोन वर्षांपासून, पण म्हणून घेतलं नाही कोणाकडून.

अन् खरं बोलायचं तर इथंच माझी गाडी अडते. ते आठ जण दीडशे किलोमीटरवरून आले. कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्याच्या पैशातून, आले, फोटोसाठी आले, काही म्हणा, आले तर. आपण? मी स्वतः बायोडाटाचे प्रिंट काढतो, तोच तो साचा, छंद क्रिकेट आणि वाचन, खाली 'आय हिअरबाय डिक्लेअर', सगळ्यांचा सारखा, अन् २० रुपये घेतो. एकालाही कधी बसवून विचारलं नाही की बाबू, तुले येते काय खरंच? तुमच्यातले कितीतरी जण बँकेत आहेत, सोसायटीत आहेत, मास्तर आहेत, कृषी केंद्र आहे. रविवारी पारावर पत्त्यांचा डाव सहा तास चालते आपला. सचिव काकांनी मले बारा मिनिटं दिली होती. ती बारा मिनिटं नोव्हेंबरात मिळाली असती तर आईच्या बकऱ्या वाचल्या असत्या. काका मागच्या साली गेले. त्यांच्याकडून आणखी किती जण दाणे मोजून गेले असतील, कोणी विचारलंच नाही.

माझं ठरलं आहे. रविवारी दहा वाजता, दुकानासमोरच्या ओट्यावर. प्रोजेक्टर नाही. येणाऱ्या पोरानं घरची एक खरी काटापट्टी म्हणजे माल मोजल्याची पावती, पासबुक नाहीतर हप्त्याचा कागद आणायचा, त्यावरच बोलायचं. नावं वाचायची नाहीत, कोणाचं कर्ज किती हे ओट्याबाहेर जायचं नाही. बँकवाल्यांपैकी कोणी महिन्यातून एक रविवार देत असेल तर इनबॉक्समध्ये या. "छान उपक्रम" लिहिणाऱ्यांनी नाही लिहिलं तरी चालेल.

हे टाइप करतानाच ती नववीतली पोरगी आली होती दुकानात, कोरा रकानावाली. तोच बजेटचा कागद घेऊन. मासिकवर रेघ मारून वर पेनानं 'हंगामी' लिहिलेलं, अन् खाली एक जास्तीचा रकाना आखलेला, उधारी. म्हणे, "दादा, याच्या दहा झेरॉक्स द्या. मैत्रिणींना पाह्यजे."

म्हटलं, २० रुपये.

"बाबाचा चुकारा झाला की देते."

वहीत लिहून ठेवले.