‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘स्पष्टवक्ता’ यांस,

उत्तराला चार दिवस लागले, कारण पहिले तीन दिवस लिहिलेलं खोडण्यातच गेले. लिसा मर्कोव्स्की २०१० साली अलास्कातून सिनेटवर, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहावर, पुन्हा निवडून आल्या, त्यावरचा माझा लेख तुम्हाला बाळबोध वाटला. वाटू दे. पण ‘घरबसल्या परक्या निवडणुकांवर ज्ञान पाजळणाऱ्या काकू’ ही भाषा कुठल्या शाळेत शिकवतात? मी चौतीस वर्षं शाळेतच काढली. आमच्याकडे तरी नव्हती.

चूक आधी कबूल करते. मतपत्रिकेवर छापलेलं नसलेलं, मतदारांनी हाताने लिहिलेलं नाव सिनेटवर जिंकून येण्याची ‘ही पहिलीच वेळ’ असं मी म्हटलं होतं. १९५४ मध्ये साउथ कॅरोलायनात स्ट्रॉम थर्मंड तसेच जिंकले होते, हे तुमचं बरोबर. वाक्य बदललंय. (थर्मंड तेव्हा विद्यमान सिनेटर नव्हते, मर्कोव्स्की होत्या. पण असो.)

आता तुमचं ते वाक्य: ‘ज्यांना उमेदवाराचं नाव धड लिहिता येत नाही, अशांच्या मतांवर ही बाई जिंकली.’

आधी हिशेब. ऑगस्टमध्ये रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी ठरवणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुकीत ‘जो मिलर’ नावाच्या प्रतिस्पर्ध्याने मर्कोव्स्कींना दोनेक हजार मतांनी हरवलं, म्हणून नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर बाईंचं नाव छापलेलं नव्हतं. नोव्हेंबरात त्याच मिलरना त्यांनी दहा हजारांहून जास्त मतांनी मागे टाकलं. मिलर यांच्या माणसांनी मुख्यतः नावाच्या स्पेलिंगवरून आक्षेप घेतलेल्या मतपत्रिका होत्या आठ हजारांच्या वर. त्या सगळ्या, सगळ्या बरं का, रद्दीत टाकल्या तरी बाई दोन हजारांवर मतांनी पुढेच राहतात. म्हणजे धड नाव लिहिणाऱ्यांच्या मतांवरच त्या जिंकल्या. वजाबाकी चौथीला असते.

आणि ‘धड लिहिता येत नाही’ म्हणजे काय हो? अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबरात स्पष्ट सांगितलं की मतदाराचा हेतू कळत असेल तर स्पेलिंगच्या चुकीपायी मत बाद करायचं नाही. तुम्हाला ही पळवाट वाटते. आपल्या १९६१ च्या निवडणूक नियमांतही हेच आहे: खूण पुसट असली किंवा दोनदा उमटली, तरी कल स्पष्ट असेल तर तेवढ्यावरून मतपत्रिका नाकारता येत नाही.

हे मी घरबसल्या नाही शिकले. मतपेट्यांच्या काळात मोजणीच्या टेबलावर रात्र काढली आहे. घडी घातल्यावर ओली शाई पलीकडच्या चिन्हावर उमटायची आणि दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी अंगावर यायचे. शिक्क्यातल्या फुलीची टोकं मुद्दाम वळवलेली असतात; घडीने उमटलेला ठसा उलटा दिसतो, म्हणून खरा कुठला ते ओळखता येतं. एकदा एका मतपत्रिकेवरून पहाटे तीनला प्रतिनिधींची जुंपली. मी ती संशयितांत ठेवली, निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी उजेडात धरली आणि ग्राह्य धरली. कुणा म्हातारीचा हात थरथरला असेल, म्हणून तिचं मत फेकायचं? तुमच्या हिशेबाने हो.

घराणेशाहीचं म्हणाल तर वडील फ्रँक मर्कोव्स्की गव्हर्नर झाले आणि २००२ मध्ये स्वतःची रिकामी झालेली सिनेटची जागा त्यांनी लेकीला दिली, हे माझ्या लेखात एका वाक्यात आहे. तेवढं पुरे. अलास्काच्या माजी गव्हर्नर सेरा पेलिन, रिपब्लिकनांतली ‘टी पार्टी’ ही कडवी चळवळ, निवडणुकीतला पैसा, या बाकीच्या गोष्टींत मी शिरत नाही. तुमचा सूरच तसा नाही.

‘अलास्कात पाऊल तरी ठेवलंय का?’ नाही ठेवलं. तुम्ही ठेवलं असेल तर तिथल्या मूलनिवासी वस्त्यांबद्दल एखादी ओळ लिहायचीत. त्यांच्या महासंघाने बाईंना पाठिंबा दिला होता आणि तिकडून भरभरून मतं आली. तुमच्या सहा परिच्छेदांत त्यांचा उल्लेखही नाही.

पुढच्या वेळी नाव घालून लिहा. स्पेलिंग कसंही चालेल.