जनरल द्युमांना नेपोलियनने कैद केले नव्हते

फ्रेंच क्रांतीतले कृष्णवर्णीय सेनानी तोमा-अलेक्सांद्र द्युमा यांना नेपोलियनने तुरुंगात डांबले, असा मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. तसे घडलेले नाही. इजिप्तच्या मोहिमेत दोघांचे बिनसले, हे खरे. पण १७९९ मध्ये मायदेशी परतताना द्युमांच्या गळक्या जहाजाला दक्षिण इटलीतल्या तारांतो बंदराचा आसरा घ्यावा लागला आणि फ्रान्सशी वैर असलेल्या तिथल्या नेपल्सच्या राज्याने त्यांना पकडले. १८०१ मध्ये सुटले तेव्हा प्रकृती पार ढासळली होती.

नेपोलियनला बोल लावायचाच, तर पुढच्या वागणुकीबद्दल लावा. गुलाम आईच्या पोटी जन्मलेले, १७८६ मध्ये साधे शिपाई म्हणून भरती होऊन सातच वर्षांत डिव्हिजनचे जनरल झालेले (हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही!) द्युमा थकलेल्या पगारासाठी अर्ज करत राहिले. १८०६ मध्ये ते वारले. विधवेला पेन्शनही नाकारली गेली.