एमक्यूचं ओझं झिपवर? कुणी सांगितलं?

मेनफ्रेमवाल्यांच्या (कंपन्यांच्या मोठ्या संगणकांवर काम करणाऱ्यांच्या) ग्रुपांमध्ये गेले काही आठवडे एक मजकूर फिरतोय. ग्रुपांपुरता होता तोवर मी दुर्लक्ष केलं. पण परवा माझ्या मावसभावाने तोच मला पाठवला. तो सिस्टिमवाला नाही, एका कंपनीच्या खरेदी विभागात आहे, आणि सध्या त्याच्या टेबलावर नव्या मशीनची कोटेशनं आहेत. खाली एवढंच लिहिलं होतं: "ताई, हे खरं असेल तर आम्ही सीपी कमी मागवतोय." सीपी म्हणजे मशीनमधला साधा, सगळी कामं करणारा प्रोसेसर. आता गप्प बसण्यात अर्थ नव्हता.

मजकुराचा गोषवारा असा. आयबीएम मेनफ्रेमवर मेसेज क्यूइंगसाठी, म्हणजे एका प्रोग्रॅमचे मेसेज रांगेत (क्यूत) ठेवून दुसऱ्याला पोचवणाऱ्या एमक्यू या सॉफ्टवेअरसाठी, खास प्रोसेसर मिळतो, त्याचं नाव झिप (zIIP). तो घेतला की एमक्यूचं सगळं काम तिकडे जातं आणि सॉफ्टवेअरचं बिल निम्म्यावर येतं. झिप साध्या सीपीपेक्षा वेगवान असतो. काम आपोआप गेलं नाही तर प्रोग्रॅम जावात लिहा, किंवा बाहेरचं टूल घ्या, कारण "आयबीएम हे मुद्दाम लपवतं". एका ओळीत लिनक्सचाही उल्लेख आहे. आणि शेवटी सल्ला: झिप येणारच आहे, तर एलपारची (मशीनच्या एका स्वतंत्र वाट्याची) डिफाइन्ड कपॅसिटी, म्हणजे ठरवून दिलेली वापराची मर्यादा, आत्ताच खाली आणा.

पहिल्याच वाक्यात घोळ आहे. मेसेज क्यूइंगसाठी म्हणून बनवलेला प्रोसेसर आयबीएमने कधी विकलेलाच नाही. खास प्रोसेसर आहेत ते दुसऱ्या कामांचे: आयसीएफ आहे कपलिंग फॅसिलिटीसाठी (अनेक सिस्टिमांची सामायिक माहिती ठेवायची जागा), आयएफएल आहे लिनक्ससाठी. २००४ मध्ये जावासाठी झॅप आला, २००६ मध्ये झिप. पुढे झॅपचं काम झिपवर चालवायची सोय झाली आणि २०१५ च्या झेड१३ पासून झॅप गेलाच. ही सगळी एकाच जातीची कोअर असतात. फरक मायक्रोकोडचा (कोअरला तिचं काम ठरवून देणाऱ्या आतल्या कोडचा) आणि परवान्याचा: या खास प्रोसेसरांवरचं काम सीपीच्या सॉफ्टवेअर बिलात धरत नाहीत. कुठल्या इंजिनावर (प्रोसेसरवर) कुठलं काम चालवायची मुभा आहे हे आयबीएम 'ऑथोराइज्ड यूज टेबल' नावाच्या तक्त्यात जाहीर करतं. तो कुणालाही वाचता येतो. मजकूर लिहिणाऱ्याने तो उघडला असता तर माझा एक रविवार वाचला असता.

मग झिपवर जातं काय? झेड/ओएसचा (मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा) डिस्पॅचर, म्हणजे प्रोसेसरांना काम वाटणारा भाग, झिपकडे काम पाठवतो ते मुख्यतः एन्क्लेव्हमधल्या एसआरबींचं (गटाने हाताळल्या जाणाऱ्या कामाच्या हलक्या एककांचं), आणि तेही त्या प्रॉडक्टने स्वतः 'हे काम पात्र आहे' असं डब्ल्यूएलएमला (कामांचा प्राधान्यक्रम सांभाळणाऱ्या भागाला) सांगितलं असेल तरच. जावाची वाट तेवढी वेगळी. आपण बाहेरून एखादं पॅरामीटर बदलून कुठलंही काम पात्र करू शकत नाही. डीबी२ या डेटाबेसचं नेटवर्कवरून येणारं बरंचसं काम झिपवर जातं, कारण ते झिपच्या आधीपासून एन्क्लेव्ह एसआरबीमध्येच चालायचं, तिथे वाट तयार होती. लोकांचा गैरसमज बहुधा इथूनच होतो: नेटवर्कवरून आलेली एसक्यूएल (डेटाबेसला केलेली विचारणा) झिपवर जाते, मग नेटवर्कवरून आलेला मेसेज का नाही जाणार?

नाही जात, कारण एमक्यूची बांधणी वेगळी. ज्याच्याकडे झेड/ओएसवरचा क्यू मॅनेजर (एमक्यूच्या क्यू सांभाळणारा प्रोग्रॅम) आहे त्याने 'डिस्प्ले चिनिट' ही कमांड द्यावी; ती चॅनल इनिशिएटरची, म्हणजे चॅनल (एमक्यूच्या जोडण्या) सांभाळणाऱ्या भागाची, स्थिती दाखवते. उत्तरात ओळीने दिसेल: इतके अडॅप्टर सबटास्क चालू, इतके डिस्पॅचर चालू, इतके एसएसएल सबटास्क चालू. सबटास्क म्हणजे टीसीबी, एसआरबीपेक्षा वेगळं, नेहमीच्या कामाचं एकक. चॅनलवरून येणारा-जाणारा प्रत्येक मेसेज या टीसीबींच्या हातून जातो आणि टीसीबीवरचं असं नेटिव्ह (जावात नसलेलं) काम साध्या सीपीवरच होतं.

हे झालं चॅनलचं. सीआयसीएसमधला (व्यवहार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला) किंवा बॅच प्रोग्रॅम जेव्हा एमक्यूपुट करतो, म्हणजे क्यूत मेसेज टाकतो, तेव्हा तर एमक्यूचा कोड बहुतांशी त्या प्रोग्रॅमच्याच टीसीबीवर चालतो आणि त्याचा सीपीयू त्या प्रोग्रॅमच्याच खात्यावर पडतो. म्हणजे 'एमक्यूचं काम' म्हणून एका गठ्ठ्यात बांधून कुठे हलवता येईल असं काही वेगळं पडलेलंच नसतं. ते तुमच्या कोबोल प्रोग्रॅममध्ये मिसळलेलं आहे.

ज्याचा विश्वास बसत नाही त्याच्यासाठी फुकटात तपासायची सोय आहे. आयईएऑप्ट मेंबरमध्ये (झेड/ओएसच्या सेटिंग्जच्या फाइलीत) 'प्रोजेक्टसीपीयू=येस' ठेवा. झिप बसवलेला नसला तरी किती काम पात्र ठरलं असतं ते आरएमएफच्या (कामगिरी मोजणाऱ्या साधनाच्या) रिपोर्टमध्ये वेगळं दिसतं. क्यू मॅनेजर आणि चॅनल इनिशिएटर या दोन अ‍ॅड्रेस स्पेसना स्वतंत्र रिपोर्ट क्लास (रिपोर्टमधला वेगळा गट) द्या, महिनाअखेरीचा गर्दीचा दिवस निवडा आणि झिपपात्र सीपीयूचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. कोटेशनला जोडायचा कागद तो, फॉरवर्ड नव्हे.

बाकीचे मुद्दे भराभर घेते.

झिप वेगवान? अर्धसत्य आहे. तुमचं मशीन कमी क्षमतेच्या सेटिंगवर घेतलेलं असेल तर सीपी मुद्दाम मंद केलेले असतात आणि झिप मात्र पूर्ण वेगाने धावतो. पूर्ण क्षमतेच्या मशीनवर दोघांचा वेग सारखाच. शिवाय वेगाचा फायदा जे काम तिथे पोचतं त्यालाच.

जावात लिहा? जावाचा भाग झिपवर जातो, मान्य. पण स्थानिक क्यू मॅनेजरला जोडलेला जावा प्रोग्रॅम एमक्यूची कॉल करतो तेव्हा नेटिव्ह कोडमध्ये शिरतो आणि तेवढं काम पुन्हा सीपीवर येतं. चालता कोबोल मोडून जावा लिहायचा, आणि ज्या भागासाठी लिहिला तोच जागचा हलायचा नाही! जे मुळातच जावात आहे त्याला फायदा आहे: मॅनेज्ड फाइल ट्रान्सफरचे एजंट, एमक्यूचा वेब कन्सोल, रेस्ट एपीआय. हे झिपपात्र आहे आणि ते मी नाकारत नाही.

बाहेरचं टूल? हा प्रयोग होऊन गेलाय. निऑन एंटरप्राइज सॉफ्टवेअर नावाच्या टेक्सासमधल्या कंपनीने २००९ मध्ये झेडप्राइम आणलं. सीआयसीएस, आयएमएस, बॅच अशी नेहमीची कामं झिप आणि झॅपवर ढकलायचा त्याचा दावा होता. त्याच वर्षअखेरीस निऑनने आयबीएमवर दावा ठोकला, आयबीएमने उलट दावा केला, आणि २०११ मध्ये प्रकरण मिटलं ते झेडप्राइम बाजारातून कायमचं उठूनच. तांत्रिकदृष्ट्या काय शक्य होतं यावर वाद घाला हवा तर. पण परवान्याच्या बाजूने काय होतं याचं उत्तर तेव्हाच मिळालंय. त्यात 'लपवलेलं' काय आहे?

लिनक्सचा मुद्दा त्या मजकुरात एका ओळीत आहे, आणि गंमत म्हणजे सगळ्यात दम त्यातच आहे. मेनफ्रेमवरच्या लिनक्सवर एमक्यू चालवलं तर ते आयएफएलवर चालतं. झेड/ओएस २.४ पासून आलेल्या कंटेनर एक्स्टेंशन्समध्ये (झेड/ओएसच्या आतच लिनक्सचे प्रोग्रॅम चालवायच्या सोयीत) चालवलं तर बरंचसं झिपवर. शेकडो क्लायंट सतत जोडतात-तोडतात अशा ठिकाणी त्यांना या लिनक्सवरच्या क्यू मॅनेजरवर घ्यायचं आणि तिथून मोजक्या चॅनलांनी झेड/ओएसकडे यायचं, ही रचना खरंच उपयोगी आहे. पण शेवटी मेसेज हवा असतो सीआयसीएसला, आणि तो आत येताना चॅनल इनिशिएटरमधूनच येतो. वाचतो तो जोडण्या-तोडण्याचा खर्च. मेसेजचा खर्च तिथेच राहतो.

आता आयसीएफ. 'क्यूसाठी प्रोसेसर' या कल्पनेच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट हीच आहे, आणि मजकुरात तिचं नावसुद्धा नाही. शेअर्ड क्यू (अनेक क्यू मॅनेजरांच्या सामायिक क्यू) कपलिंग फॅसिलिटीत असतात आणि ती आयसीएफवर चालते. म्हणजे क्यूची यादी सांभाळणं, मेसेज लावणं-काढणं हे खरोखर वेगळ्या इंजिनावर होतं, आणि आयसीएफमुळे सॉफ्टवेअरचं बिलही वाढत नाही. मग काम झालं? नाही. झेड/ओएस कपलिंग फॅसिलिटीला सिंक्रोनस विनंती पाठवतो तेव्हा उत्तर येईपर्यंत सीपी जागच्या जागी थांबून राहतो आणि तो थांबलेला वेळ तुमच्या सीपीयूत मोजला जातो. वाट फार लांबणार असं दिसलं तर सिस्टिम विनंती असिंक्रोनस करते (उत्तरासाठी थांबून राहत नाही), त्याचाही खर्च वेगळा. मेसेज ६३ केबीच्या वर गेला की त्याचा मजकूर एसएमडीएसमध्ये (त्यासाठीच्या डिस्कवरच्या फाइलीत) किंवा डीबी२मध्ये ठेवावा लागतो, म्हणजे आणखी काम. शेअर्ड क्यू घ्यायच्या त्या एक क्यू मॅनेजर पडला तरी दुसऱ्याने मेसेज उचलावा म्हणून. सीपीयू वाचवायला कुणी घेत असेल तर त्याने आधी मोजून बघावं.

आणि आता तो शेवटचा सल्ला, ज्याच्यामुळे माझं डोकं फिरलं. डिफाइन्ड कपॅसिटी आधीच कमी करा म्हणे. बाजारात तुरी!

नीट समजून घ्या काय होतं ते. बिल ठरतं सीपीच्या वापराच्या चार तासांच्या फिरत्या सरासरीच्या महिन्यातल्या सर्वोच्च आकड्यावर. (टेलर्ड फिट प्रायसिंग या वेगळ्या बिलपद्धतीवर असलेल्यांचा हिशोब वेगळा, त्यांनी हा भाग सोडावा.) त्यामुळे रात्री वाचवलेल्या सीपीयूने दुपारच्या शिखराचं बिल कमी होत नाही, हे 'निम्मं बिल'वाल्याला माहीत नसावं. पण डिफाइन्ड कपॅसिटी खाली आणली आणि काम हललंच नाही, तर सरासरी त्या रेषेला भिडते आणि डब्ल्यूएलएम एलपारला लगाम घालतो. तो घालतो नेमका गर्दीच्या वेळी, कारण सरासरी तेव्हाच वर असते.

लगाम पडला की मेसेज टाकणारे थांबत नाहीत, ते बहुधा दुसऱ्या मशीनवरचे असतात. काढणारे मंदावतात. क्यूची खोली वाढायला लागते. बफर पूल (मेसेजांची मेमरीतली जागा) ८५ टक्के भरला की पानं पेज सेटवर (डिस्कवरच्या फाइलीत) लिहायला सुरुवात होते. ९५ टक्क्यांना ते लिहिणं सिंक्रोनस होतं, म्हणजे आधीच मंद झालेल्या यंत्रणेत प्रत्येक पुट डिस्कची वाट बघत बसतो. जो मेसेज मेमरीतून आला तसा मेमरीतून गेला असता, तो आता डिस्कवर जाऊन परत वाचावा लागतो, म्हणजे प्रत्येक मेसेजमागे सीपीयू वाढला. लगामाखाली! पुढची पायरी एरर कोड २०५३, क्यू भरली. किंवा २१९२, पेज सेट भरला, आणि तेव्हा त्या पेज सेटवरच्या इतर सगळ्या निरपराध क्यूसुद्धा अडकतात. मावसभावाच्या कंपनीत हे झालं असतं तर फोन सिस्टिमवाल्यांना गेले असते, फॉरवर्ड लिहिणाऱ्याला नव्हे.

झिप घेतल्यावरही भान ठेवावं लागतं. झिप कमी पडले आणि ऑनर प्रायॉरिटी हे सेटिंग 'येस' असेल, तर पात्र काम मदतीसाठी साध्या सीपीवर सांडतं. 'नो' केलं तर ते रांगेत ताटकळतं. दोन्हीकडे कपॅसिटीचा हिशोब चुकतो.

एमक्यूचा सीपीयू खरोखर कमी करायचा असेल तर तो बहुतेक वेळा इंजिनात नसतो, वापरात असतो. दर मेसेजला कनेक्ट, ओपन, पुट, क्लोज, डिस्कनेक्ट करणारे क्लायंट शोधा. कुणीतरी कधीतरी लावून विसरलेला ग्लोबल ट्रेस (दोष शोधण्यासाठीची सविस्तर नोंद) चालू आहे का बघा. टीएलएस (एन्क्रिप्शन असलेल्या) चॅनलवर किल्ली बदलण्याची मर्यादा इतकी लहान ठेवलीय का, की सारखं हँडशेकच (किल्ली ठरवण्याची देवाणघेवाणच) चाललंय?

आणि सगळ्यात आधी उत्तरांच्या क्यू. प्रोग्रॅम कोरिलेशन आयडी (कुठल्या प्रश्नाचं उत्तर ते ओळखायची खूण) देऊन मेसेज मागतोय आणि त्या क्यूवर इंडेक्स टाइप 'नन' आहे, म्हणजे शोधायला सूचीच नाही, असं असेल तर एमक्यू प्रत्येक गेटला (मेसेज काढताना) क्यूच्या टोकापासून एकेक मेसेज बघत जातं. क्यू रिकामी असताना कुणाच्या लक्षातही येत नाही. कुणी न उचललेली जुनी उत्तरं साचली की दर गेटला ती सगळी ओलांडावी लागतात. एसएमएफ ११६ च्या (झेड/ओएसच्या वापरनोंदींपैकी एमक्यूच्या नोंदींच्या) क्लास ३ रेकॉर्डमध्ये किती मेसेज वगळत पुढे जावं लागलं ते क्यूगणिक मिळतं. क्लास ३ स्वतः खर्चिक आहे, तेव्हा गर्दीच्या थोड्या वेळापुरताच चालू करा. वगळलेल्यांचा आकडा गेटच्या आकड्यापेक्षा कितीतरी मोठा दिसला की त्या क्यूवर इंडेक्स टाइप 'कोरिलआयडी' करा आणि साचलेली उत्तरं आपोआप निघून जावीत म्हणून रिक्वेस्ट पाठवतानाच एक्स्पायरी घालायला सांगा.