मरणाचा धंदा आणि अरिमथाईचा योसेफ

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या व्यापार मेळ्यात मुंबईच्या एका कंपनीने अंत्यविधी सेवेचा स्टॉल लावला होता. ३७,५०० रुपये आगाऊ भरा, वेळ आली की तिरडीपासून अस्थिविसर्जनापर्यंत सगळं आम्ही बघू, अशी योजना. त्या स्टॉलच्या फोटोंवरून पेटलेला वाद पुण्यातल्या आमच्या नातेवाइकांत अजून विझलेला नाही. एक बाजू विचारते, ‘आता खांदेकरीसुद्धा भाड्याने?’ दुसऱ्या बाजूची मुलं माझ्यासारखी परदेशात आहेत. ती बाजू वाद घालत नाही, अशा कंपन्यांचे नंबर जपून ठेवते.

मी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एका लहान गावात राहतो. इथे मरणाचा धंदा कुणाला खटकत नाही. अशा गावांतून पूर्वी फर्निचर करणारा सुतारच शवपेटी करायचा आणि हळूहळू त्याचाच ‘फ्युनरल डायरेक्टर’, म्हणजे अंत्यविधीचं सगळं बघणारा व्यावसायिक, झाला. १८६१ ते ६५ च्या यादवी युद्धात मेलेले सैनिक दूरच्या घरी पोचवायचे म्हणून देहात औषधं भरून तो टिकवायची रीत पसरली. आमच्या गावचा डायरेक्टर अशाच घराण्यातला. खाली फ्युनरल होम, वर बिऱ्हाड. रात्री दोनला फोन आला तरी कोट-टाय घालूनच निघतो. रविवारी लुथरन चर्चमध्ये पुढच्या बाकावर असतो, कॉयरमध्ये गातो, बेसूर गातो.

त्याला एकदा विचारलं, या कामाचा आणि तुझ्या श्रद्धेचा संबंध काय? त्याने येशू मरणातून पुन्हा उठला त्या पुनरुत्थानावर प्रवचन दिलं नाही. बायबलमधल्या अरिमथाई गावच्या योसेफाची आठवण करून दिली. येशूला क्रुसावर मारलं त्या शुक्रवारी शिष्य पांगले होते, तेव्हा हा प्रतिष्ठित माणूस रोमन सुभेदार पिलाताकडे गेला आणि क्रुसावरचा देह मागून आणला. निकदेम नावाच्या दुसऱ्या एका माणसाने जवळजवळ शंभर रत्तल गंधरस आणि अगरू आणलं. दोघांनी देह तागाच्या कापडात गुंडाळून थडग्यात ठेवला. डायरेक्टरचं म्हणणं एवढंच, की पुढे रविवारी येशू उठणार हे त्या दोघांना त्या संध्याकाळी ठाऊक नव्हतं, तरी देहाची हेळसांड त्यांनी होऊ दिली नाही. ‘माझं काम शुक्रवारचं,’ तो म्हणाला, ‘रविवारचं देव बघेल.’

मुलाकडे आलेले एक मराठी गृहस्थ इथे गेले, तेव्हा ही श्रद्धा कामाला लागलेली पाहिली. डायरेक्टरने क्रूस असलेली खोली सोडून दुसरी दिली. तुळशीपत्र कधी ठेवायचं, गंगाजल कोण देणार, हे वहीत टिपून घेतलं. सदाशिव पेठेतले गुरुजी व्हिडिओवर मंत्र म्हणत होते. मध्येच नेट अडकलं. गुरुजी परत दिसेपर्यंत हा हात बांधून उभा. भट्टीचं बटण मुलाने दाबलं. येशूचं नाव डायरेक्टरने एकदाही काढलं नाही, आणि मला वाटतं, त्याचा ख्रिस्ती धर्म त्या दिवशी पुरता दिसला.

म्हणून काही अमेरिकेची आरती ओवाळू नये. देहदर्शन आणि दफनासह अंत्यविधीचा इथला मध्यक खर्च (निम्म्यांचा याहून जास्त, निम्म्यांचा कमी) २०२३ मध्ये ८,३०० डॉलर होता, त्यात स्मशानातल्या जागेचे पैसे नाहीत. दुःखात बुडालेल्या माणसाला महागडी पेटी विकणारेही आहेत. म्हणूनच १९८४ पासून संघराज्य सरकारचा नियम आहे: प्रत्येक सेवेचा दर वेगळा छापून हातात द्यायचा, फोनवर विचारला तर सांगायचा. योसेफाचं नाव घेणाऱ्यालाही हा नियम चुकत नाही, आणि तेच बरं.

पुण्यात आपल्याकडे इथे नसलेली एक गोष्ट आहे. गल्लीत कुणी गेलं की तिरडी बांधता येणारा, अंत्यसंस्काराचा पास कुठे मिळतो ते ठाऊक असलेला, शववाहिकेला फोन लावणारा कुणीतरी असतोच. पैसे घेत नाही, चहासुद्धा घेत नाही. पण सोसायट्यांच्या बाराव्या मजल्यावर तो माणूस आता सापडेनासा झालाय, हे मान्य करायला काय हरकत आहे? आणि जो पगारावर हेच काम करतो, वैकुंठ स्मशानभूमीत भट्टीपाशी उभा राहतो, त्याला आपण घरच्या लग्नाची पत्रिका देतो का? कोविडात पुण्यातल्या मुस्लिम कार्यकर्त्यांनी हिंदूंचेही देह उचलले. तेव्हा वाहवा केली, पुढे विसरलो.

वास्तविक आपल्या घरात याची परंपरा आहे. मंगळवेढ्याला गावकूस कोसळून चोखोबा गाडले गेले, तेव्हा नामदेव तिथे गेले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची, म्हणून त्यांनी ती वेचून पंढरपुरात महाद्वारासमोर ठेवली, अशी कथा आपण सांगतो. हाडं गोळा करणं इथे संताचं काम आहे. मग ते पैसे घेऊन करणारा हलका कसा ठरतो?

त्यामुळे ‘मरणाचा धंदा व्हावा का’ हा वाद मला फोल वाटतो. धंदा झालेलाच आहे, फक्त त्याचे दर लोक कानात सांगतात. महापालिकेने शववाहिका, लाकूड, गुरुजी, खासगी सेवा या सगळ्यांचे दर स्मशानाच्या दारात लावायला भाग पाडावं. त्याच फलकावर भट्टीवरच्या कामगाराचा महिन्याचा पगारही लिहावा. खांदेकरी भाड्याने घेण्यावर त्यानंतर खुशाल भांडू.