भिडे पूल उंच करू नका

पावसाळा सुरू झाला की पुणेकरांना नातेवाइकांचे फोन येतात, "भिडे पूल गेला का?" मुठा नदीवरचा हा पूल पाण्याखाली गेल्याची बातमी आली की त्याखाली ठरलेली कमेंट: हा पूल अजून उंच का करत नाहीत?

माझं मत उलटं आहे. तो पूल बुटकाच आहे, वरून पाणी जाणार हे धरूनच. डेक्कनवरून नारायण पेठेत उतरायचा शॉर्टकट, चार दिवस बंद राहिला तर काय बिघडलं? शेजारी लकडी पूल आहे, दुचाकीवाल्यांना झेड ब्रिज आहे. (तिथे वाहनांपेक्षा जोडपी जास्त असतात, ते सोडा.)

मुळात हे पाणी येतं कुठून ते बघा. पानशेत, वरसगाव, टेमघर यांचं पाणी शेवटी खडकवासल्यातच येतं. चारही धरणं मिळून साधारण २९ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यात खडकवासल्याचा वाटा जेमतेम दोन. वरची धरणं भरत आली आणि घाटात जोर वाढला की खडकवासल्याचे दरवाजे उघडण्यावाचून गत्यंतर नसतं. म्हणून कधी कधी कर्वे रस्त्यावर लख्ख ऊन असतं आणि खाली मुठा दुथडी.

चीड येते ती नदीपात्रातल्या पार्किंगची. विसर्ग वाढणार हे आधी जाहीर होतं, भोंगा लावून गाडी फिरते, तरी दरवर्षी कुणाची तरी कार चाकं बुडेपर्यंत तिथेच. मग क्रेन, दोरखंड, आणि लकडी पुलावर मोबाईल उंचावून उभी असलेली ही गर्दी! पाणी ओसरलं की जलपर्णी, चिंध्या, पिशव्या खांबांना गुंडाळलेल्या आणि रस्त्यावर निसरडा गाळ. तो पुरता निघत नाही तोवर गाड्या परत हजर.

ज्या शहराने १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलेलं पाहिलं, त्याने पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणारी निळी-लाल पूररेषा फक्त बिल्डरच्या नकाशापुरती ठेवावी? २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्याजवळच्या, नदीकाठच्या एकतानगरीतले लोक पहाटे पाण्यात होते. तिथे भिडे पुलाच्या उंचीचा काय संबंध होता? नदीची जागा आपण किती खाल्ली, याचा होता.

पालिकेने एवढंच करावं: जून ते सप्टेंबर नदीपात्रात एकही गाडी उभी राहू देऊ नये, आणि पाणी पुलाला लागायच्या आधी बॅरिकेड लावावेत, नंतर नाही. हे दोन पावसाळे नीट जमलं, तर पुलाच्या उंचीवर बोलू.