एकट्याने शोध कसा लावावा

सांगलीत बसून एकट्याने जगप्रसिद्ध शोध लावण्याचा आपला मानस असेल, तर सर्वप्रथम कुपवाडच्या एमआयडीसीतल्या त्या लेथवाल्याला विसरावे, जो आपले ड्रॉइंग दोनदा फिरवून पाहतो, कानावरची पेन्सिल काढतो आणि "साहेब, इथं अर्धं सूत घ्यायला लागतंय, न्हाईतर बेअरिंग बसायचं न्हाई" असे सांगतो. आणि ते खरोखरच बसत नाही. त्याचे बिल चुकते करावे, नाव मात्र टिपून ठेवू नये. चौकात एका शोधाला एकच पुतळा मावतो, दोन झाले की वाहतुकीला अडथळा होतो.

यात संकोच वाटून घेऊ नये. १९०३ साली राइट बंधूंचे विमान उडाले, हे शाळकरी पोरही सांगेल. त्याचे इंजिन त्यांच्या सायकलच्या दुकानातल्या चार्ली टेलर या मेकॅनिकने घडवले, हे कोण सांगतो? मेन्लो पार्कमध्ये एडिसनच्या हाताखाली माणसांचा ताफाच होता, दिवा मात्र एकट्या एडिसनचा.

आपण मोठ्या संस्थेत साहेब असाल, तर काम आणखी सोपे आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत डिसेंबर १९४७ मध्ये पहिला ट्रान्झिस्टर (रेडिओ नव्हे, इलेक्ट्रॉनिक पुर्जा) बार्डीन आणि ब्रॅटन यांनी चालवून दाखवला. प्रसिद्धीच्या छायाचित्रात मात्र ब्रॅटनच्या टेबलापाशी, सूक्ष्मदर्शकासमोर, त्यांचे वरिष्ठ शॉकली ऐटीत बसलेले आहेत. तेव्हा खुर्ची वेळेवर पकडावी. केवळ अनुदानावर विसंबू नये: स्मिथसोनियन या अमेरिकी संस्थेच्या लँग्लींना विमानासाठी अमेरिकेच्या युद्ध खात्याने ५०,००० डॉलर दिले होते, आणि राइट बंधू उडण्याच्या नऊच दिवस आधी लँग्लींचे विमान पोटोमॅक नदीत पडले.

साताऱ्याकडे रेल्वेने जाताना किर्लोस्करवाडी आली की डोळे मिटून घ्यावेत. बेळगावात सायकली विकणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर, औंधच्या राजेसाहेबांनी दिलेली माळरानाची जमीन, आणि १९१० पासून त्या माळावर राबलेले कामगार, यांतले श्रेय नेमके कोणाला, या विचारात पडलात तर आपले स्टेशन चुकेल.

उद्घाटनाच्या दिवशी फोटोच्या वेळी लेथवाल्याला चहा सांगायला पाठवावे, पण फार लांबच्या टपरीवर नको. यंत्र मध्येच अडले, तर हाक ऐकू जायला हवी.