कायोटी मारायच्या स्पर्धा बंद करा, शिकार नव्हे

अमेरिकेत हिवाळा आला की कायोटी या कोल्ह्या-लांडग्यासारख्या रानटी प्राण्याला मारायच्या स्पर्धांवरून वाद पेटतो आणि लगेच दोन टोकांना जाऊन बसतो. एकीकडे ‘प्राणी मारूच नका’, दुसरीकडे ‘शहरातल्यांनी आम्हाला शिकवू नये’. हरणाची शिकार करून वर्षभराचं मटण फ्रीझरमध्ये भरणाऱ्या माणसाशी माझं काही भांडण नाही. कोकरं गमावलेल्या मेंढपाळानं बंदूक उचलली तर त्याच्याशीही नाही. माझा आक्षेप आहे तो बक्षिसं लावून कायोटी मारण्याला, आणि तोही दयेपेक्षा हिशोबाच्या कारणानं जास्त.

कायोटी कोल्ह्यापेक्षा मोठा आणि लांडग्यापेक्षा लहान, साधारण 10 ते 20 किलोचा. माणसानं लांडगे संपवले आणि मोकळ्या जागेत हा पसरला. आज हवाई सोडलं तर अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात तो आहे. बऱ्याच राज्यांत त्याला मारायला ना हंगाम, ना संख्येची मर्यादा. हरीण मारून मांस टाकून दिलं तर दंड होतो. कायोटीला तो नियम सहसा लागूच नाही.

स्पर्धा साधारण अशी चालते. दोन-तीन जणांची टीम, प्रवेश फी, शनिवार-रविवार. गाडी टेकाडाआड लावायची, वारा तोंडावर घेत आत जायचं, रिमोटवरचा भोंगा आपल्यापासून काही अंतरावर ठेवायचा आणि त्यावर जखमी सशाचं किंचाळणं वाजवायचं. कायोटी सरळ येत नाही. तो वळसा घालून वास घ्यायला वाऱ्याच्या खालच्या बाजूला येतो, म्हणून एक बंदूक तिकडे रोखलेली असते. पंधरा-वीस मिनिटांत काही आलं नाही की पुढचा टापू. शेवटी सगळे प्राणी ओळीनं मांडून मोजायचे. आधीच मारून फ्रीझरमध्ये ठेवलेला कुणी आणू नये म्हणून तपासणी होते. मोठ्या रकमा असतील तर लाय डिटेक्टरसुद्धा! बक्षीस जास्तीत जास्त प्राण्यांना, सगळ्यात जड प्राण्याला, काही ठिकाणी सगळ्यात लहान प्राण्यालाही. सगळ्यात लहान कायोटी मारून कुठल्या मेंढपाळाचा प्रश्न सुटतो, हे आयोजकांनी एकदा समजावून सांगावं.

खरी गोम पुढे आहे. भोंग्याला भुलून येतो तो बहुतेकदा कोवळा, अननुभवी, स्वतःचा इलाखा नसलेला कायोटी. कोकरं मारतो तो सहसा वेगळाच असतो: कळपाच्या आसपास इलाखा धरून बसलेली, पिल्लं पोसणारी जोडी. जानेवारी ते मार्च मिलन, 63 दिवसांचा गर्भकाळ, एप्रिल-मेमध्ये पाच-सहा पिल्लं. ती पोसायची म्हणून मोठं भक्ष्य लागतं, आणि तेव्हाच माळावर कोकरं असतात. युटा राज्यात काही जोड्यांची नसबंदी केली, इलाखा मात्र त्यांच्याकडेच राहू दिला. त्या जोड्यांनी कोकरं बरीच कमी मारली, कारण पोसायला पिल्लंच नव्हती.

उलट ती जोडी गेली तर रिकाम्या इलाख्यात बाहेरचे तरुण कायोटी घुसतात. आधी दबून राहिलेल्या माद्याही विऊ लागतात. तोंडं कमी झाल्यानं वाचलेल्या पिल्लांना खायला जास्त मिळतं. कॅलिफोर्नियात 1975 साली गणिती मॉडेल मांडलं होतं: दर वर्षी 75 टक्के कायोटी मारत राहिलात तरी ते संपायला 50 वर्षांहून जास्त लागतील. संघराज्य सरकारचं खातं एकटंच वर्षाला साठ हजारांच्या आसपास कायोटी मारतं, तरी ते आहेत तिथे आहेत. मग एका वीकेंडला शे-दोनशे मारून काय साधणार?

विरुद्ध बाजूचे दोन मुद्दे मात्र मान्य करायला हवेत. 1937 च्या कायद्यानं शिकारीच्या रायफली आणि काडतुसांवरचा कर (आज 11 टक्के) वन्यजीवांसाठी राखून ठेवला आणि त्या पैशावर अमेरिकेतलं वन्यजीव संवर्धन बरंच उभं राहिलं. दुसरं, युटातच असंही दिसलं की मेंढ्या चरायला जाणार त्या नेमक्या डोंगरावर आधीच्या हिवाळ्यात हेलिकॉप्टरमधून कायोटी मारले तर उन्हाळ्यातलं नुकसान घटतं. म्हणजे मारण्याचा उपयोग होतो, पण जागा धरून केलं तर. स्पर्धेत जागा ठरते ती कुठे पटापट मिळतील यावरून. कातडं विकता येतं हे समर्थनही आता लंगडं आहे. जाकिटांच्या टोप्यांना कायोटीची फर लावणाऱ्या कॅनडा गूज कंपनीनं 2021 मध्ये फर सोडायची घोषणा केली आणि बाजार बसला.

मेंढरं वाचवायची तर आधी मेलेलं कोकरू नीट तपासा. मानेवरची कातडी सोलून बघा. गळ्याशी सुळ्यांची भोकं आणि आत रक्त साकळलेलं असेल तर जिवंतपणी धरलंय, बहुधा कायोटीनं. रक्त साकळलेलं नसेल तर ते आधीच मेलं होतं, कायोटी नंतर खायला आला. मागचे पाय आणि कुशी फाडल्या असतील तर संशय गावातल्या कुत्र्यांवर घ्या. हे न बघता सगळं कायोटीच्या नावावर खपतं.

मग कुंपण. जाळी साडेपाच फूट उंच हवी, आणि खालची फट बुजवायलाच हवी, कारण कायोटी उडी मारण्याआधी खालून घुसायला बघतो. विण्याच्या काळात मेंढ्या रात्री कोंडा. आपला धनगर वाघूर, म्हणजे मेंढ्यांभोवती जाळीचं कुंपण, लावतो ते उगाच नाही. विल्यावर पडलेली वार आणि मेलेली कोकरं लगेच उचला, नाहीतर चटक आपणच लावतो. राखणीचं कुत्रं पिल्लू असतानाच कळपात सोडावं लागतं, पुरतं तयार व्हायला दोनेक वर्षं जातात. राखणीला गाढव ठेवायचं तर एकटंच ठेवा. दोन ठेवलीत तर ती एकमेकांत रमतात आणि मेंढ्या वाऱ्यावर.

कॅलिफोर्नियानं 2014 मध्ये या बक्षिसांवर बंदी घातली. पुढे व्हरमाँट, न्यू मेक्सिको, मॅसॅच्युसेट्स, कोलोरॅडो, वॉशिंग्टन, मेरीलँड यांनीही. न्यूयॉर्कच्या कायद्यावर डिसेंबर 2023 मध्ये सही झाली. तिथे हंगामात परवाना काढून कायोटी मारता येतो, स्पर्धा तेवढी गेली. ‘आज स्पर्धा, उद्या शिकार’ ही भीती घालणाऱ्यांनी तिथले नियम वाचावेत.

युटा 2012 पासून हरणांची पाडसं वाचवण्याच्या नावाखाली दर कायोटीमागे 50 डॉलर देतं. बंद करायचं नसेल तर निदान ज्या खोऱ्यात पाडसं जन्मतात तिथल्या आणि त्याच महिन्यांतल्या कायोटींपुरतं ठेवा, आणि उरलेला पैसा कुंपणाला आणि कुत्र्यांना द्या. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीनं साधारण असंच केलं: सरकारी शिकारी बंद केले आणि तो पैसा मेंढपाळांच्या हातात दिला.